घोड्यांची वही: आधी खोड लिहा, मग गुण

घोडं सांभाळलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तुमचं जनावर कसं होतं? उत्तर ठरलेलं. "लई गुणाचं हो." मग डोळे पुसायचे, चहा मागवायचा, विषय संपला. माझ्या आबांनी कोल्हापूर स्टेशनवर टांगा हाकला. मी लग्नाची घोडी आणि बग्गी चालवली. आमच्या दावणीला लागून गेलेली सगळी जनावरं 'गुणाची' म्हणून लिहायला घेतली, तर वही एका पानात आटपेल आणि कुठली ओळ कुणाची हे माझं मलाही कळायचं नाही.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. नावाखाली पहिल्यांदा खोड लिहायची. मोत्या तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना पोट फुगवून उभा राहायचा. चार पावलं चालवून पुन्हा तंग ओढला नाही, तर बिंदू चौकापर्यंत साज सरकलेला. मैना रस्त्यात साचलेल्या पाण्यात पाय घालायची नाही, आणि ड्रेनेजचं झाकणसुद्धा तिच्या लेखी पाणीच. सुलतानला ताशा, फटाके, हलगी कशाचंच काही नव्हतं, पण फुगेवाला दिसला की चौखूर. राणी ओवाळायला उभी केली की नवरदेवाच्या गळ्यातला हार ओढून खायची. शेवंती जास्त आवडायची. चार ओळींत चार जनावरं वेगवेगळी झाली. गुण लिहायचे असतात, पण ते नंतर. खोड आठवली की त्या खोडीला तुम्ही काय करत होता ते आठवतं, आणि तिथं खरं जनावर सापडतं.

नावांपासून सुरुवात, पण नावांवर भरवसा नको

टांगेवाल्यांच्या घरात राजा नावाचा एकच घोडा झाला असं सहसा होत नाही. एक गेला की दुसऱ्याला तेच नाव. गिऱ्हाईकांच्या तोंडात बसलेलं असतं, बदलायचं कशाला? त्यामुळं नुसतं 'राजा' लिहून ठेवाल तर दहा वर्षांनी पोरं विचारतील, कुठला? आमच्या वहीत 'थोरला राजा', 'अकलूजचा राजा' आणि 'तोंडाळ राजा' अशी नोंद आहे. अकलूजचा म्हणजे तिथल्या घोडेबाजारातून आणलेला. तोंडाळ म्हणजे लगाम दातात धरून पळणारा. जनावर सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलं असेल, नाहीतर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून, तर ते नावालाच जोडून टाका. गाव आठवलं की सोबत कोण होतं, ट्रक कुणाचा होता, रात्री कुठं मुक्काम केला, सगळं मागोमाग येतं.

आणि नाव लिहाच. नेसरी आमच्याच जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी तिथं बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले. प्रतापरावांचं नाव पोराटोरांच्या तोंडी आहे. त्या सात घोड्यांपैकी एकाचं नाव माझ्या वाचनात आलेलं नाही.

साल आठवत नसेल तर

कॅलेंडर समोर घेऊन बसू नका, काही हाती लागत नाही. ठळक गोष्टींना जनावर बांधा. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७, तेव्हा दावणीला कोण होतं? बाहत्तरच्या दुष्काळात? २००५ च्या पुरात कुणाला वर नेऊन बांधलं? २०१९ ला? २०२० च्या टाळेबंदीत ऐन चैत्र-वैशाखातली लग्नं बंद पडली, तेव्हा कोण उभ्यानं खात होतं? घरातली बारशी, लग्नं, वडीलधाऱ्यांची वर्षश्राद्धं हीसुद्धा खुंटीच आहे. आमच्या आईला एकही साल येत नव्हतं, पण 'थोरलीच्या वेळी मी माहेरी होते आणि मोत्याचा पाय सुजला होता' हे ती छातीठोक सांगायची. थोरलीचा जन्मदाखला कपाटात आहेच. झालं की साल.

जनावराचं जन्मसाल काढायचं असेल तर घेतलं तेव्हा दात कसे होते ते आठवा. घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांला पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्याचे साडेचारला. पाच वर्षांला तोंड भरतं. पुढं वरच्या कोपऱ्याच्या दातावर एक उभी खाच दिसायला लागते: दहाच्या सुमाराला हिरडीजवळ, पंधराला निम्म्यापर्यंत, विसाला दाताच्या टोकापर्यंत. हा अंदाज आहे, दाखला नव्हे. पण 'सहा वर्षांची आहे' म्हणून विकलेल्या घोडीच्या दातावर ती खाच अर्ध्यावर आली होती असं आठवलं, तर वहीत व्यापाऱ्याचं वय न लिहिता दाताचं लिहा.

अंगावरच्या खुणा क्रमानं

इथं घाई करू नका. डोक्यापासून शेपटीपर्यंत, मग पाय, असा क्रम ठरवा आणि प्रत्येक जनावराला तोच ठेवा. कान आधी. मारवाडी आणि काठियावाडी जनावराचे कान टोकाशी आत वळलेले, कधी एकमेकांना टेकणारे. भीमथडीचं जनावर त्यांच्या मानानं बुटकं आणि भक्कम. मग कपाळ: टिळा होता की नाकापर्यंत पट्टा, सरळ की एका नाकपुडीकडं गेलेला? मग चारी पाय, डाव्या पुढच्यापासून. चारी पाय आणि तोंड पांढरं तर पंचकल्याणी, तेवढं लिहून भागतं, पण पांढरा रंग खुरापाशी थांबला होता की गुडघ्यापर्यंत चढला होता तेही लिहा.

मग भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची चक्रं. घेणारा आधी भोवरेच बघतो आणि एखादी गोम दाखवून भाव पाडतो. कुठली शुभ, कुठली अशुभ यावर माझा विश्वास नाही. अशुभ म्हणून आम्हाला स्वस्तात मिळालेल्या घोडीनं आमचं घर चालवलं. पण ओळख म्हणून भोवऱ्याला तोड नाही. रंग बदलतो, अंग भरतं, भोवरा जन्मापासून मरेपर्यंत जागचा हलत नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या पासपोर्टमध्येसुद्धा घोड्याचं रेखाचित्र असतं आणि त्यावर भोवऱ्याच्या जागी फुली मारलेली असते. तेच आपण करायचं. एका पानावर डावी बाजू, उजवी बाजू आणि समोरून तोंड अशी नुसती बाह्यरेषा काढा, फुल्या मारा. चित्र येत नसेल तर कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्याखाली जरा वेळ उभं राहून घोड्याची मान खांद्यातून कुठून निघते ते बघून या. नाहीतर एखाद्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि गिरवा.

रंगाच्या बाबतीत एक मोठा चकवा आहे. सब्जा जनावर जन्मतं काळपट किंवा तांबूस आणि वर्षागणिक पांढरं होत जातं. कातडी खालून काळीच राहते. नुकरा जन्मापासून पांढरा आणि त्याची कातडी गुलाबी. त्यामुळं घरातल्या जुन्या फोटोत काळपट शिंगरू आणि नंतरच्या फोटोत पांढरी घोडी दिसली, तर ती दोन जनावरं धरू नका. नाकाची कातडी बघा, कपाळावरचा भोवरा बघा. आमच्याकडं असं एक 'हरवलेलं' शिंगरू होतं; घरातले सगळे म्हणायचे विकलं असेल. ते मैनाच होतं.

प्रत्येकाकडं एक तुकडा असतो

सगळं एकट्यानं आठवायला बसलात तर फसाल. जनावर जेवढ्यांच्या हाताखालून गेलं तेवढ्यांकडं जा. फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू करून फोन उपडा ठेवा, म्हणजे समोरचा माणूस अवघडत नाही.

नालबंदाला फक्त खूर आठवतात. दीड-दोन महिन्यांनी जनावर त्याच्याकडं जायचं, पण त्यानं तोंड बघितलेलंच नसतं. आमच्या नालबंद चाचांना मी विचारलं, "चाचा, आमची मैना आठवते का?" तर म्हणाले, "रंग नाही सांगता येणार भाई. पण मागचा उजवा पाय देत नव्हती, आणि पुढचा डावा खूर आतून झिजायचा." हे मला कधी कळलंच नव्हतं, आणि तिला मी रोज खरारा केला. बँडवाल्यांना जनावराचा स्वभाव माहीत असतो, कारण ते त्याच्या पुढ्यात वाजवत असतात आणि लाथेच्या टप्प्यात असतात. हरभरा-कोंड्याच्या दुकानदाराला चंदी, म्हणजे घोड्याचा खुराक आठवतो, उधारीसकट. तबेल्यात झोपणाऱ्या पोराला रात्रीचं सगळं माहीत: कोण बसून झोपायचं, कोण उभ्यानं, पहाटे तोबऱ्यासाठी, म्हणजे तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीसाठी, कोण लाथा मारायचं. जनावरांचे डॉक्टर असतील तर त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या मागा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख, ग्लँडर्स या घोड्यांच्या साथीच्या रोगाच्या तपासणीसाठी रक्त घेतल्याची तारीख, अशा कागदावर जनावराचा रंग आणि वय लिहिलेलं असतं.

प्रश्न मात्र नीट विचारा. 'कसा होता?' हा प्रश्नच नव्हे. त्याला 'गुणाचा' हेच उत्तर मिळणार. कुठं अडायचा? कुणाला चावला होता? पाणी कुठल्या हौदावर प्यायचा? घरी परतताना कुठल्या वळणापासून आपणहून पळायला लागायचा? असं विचारलं की माणूस हसतो आणि सुटतो.

पावलांचा आवाजही विचारा. हे वेडेपणाचं वाटेल, पण टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा म्हणावं. चालीला चार ठोके, दुडकीला दोन. लंगडणाऱ्या जनावराचे ठोके सारखे पडत नाहीत, आणि पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर जाते. आमच्या जुन्या बग्गीवाल्या मामांनी थोरल्या राजाची दुडकी मांडीवर वाजवून दाखवली, तर आत स्वयंपाकघरातून आमच्या आत्या म्हणाल्या, "आला काय रं राजा?"

ज्यांनी टांगा हाकला त्यांनी एक काम जरूर करावं: जुनी वाट पायी चालावी. स्टेशन, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक, भवानी मंडप. सकाळी लवकर, रिक्षांची गर्दी व्हायच्या आत. घरात बसून जे आठवत नाही ते रस्त्यावर आठवतं, कारण जनावर तिथं थांबलेलं असतं. गंगावेशीच्या चढाला कोण दमायचं, कुठल्या दुकानासमोर सवयीनं उभं राहायचं, हे खिशातल्या कागदावर तिथल्या तिथं लिहा. घरी येऊन लिहीन म्हणालात की गेलं.

फोटो दुसऱ्यांच्या घरी असतात

आमच्या धंद्याची गंमत ही, की आमच्या घोड्यांचे सगळ्यात जास्त फोटो परक्यांच्या अल्बमात आहेत. नवरदेवाचा परण्या निघाला, मारुतीच्या देवळाला जाऊन आला, फोटोग्राफरनं पन्नास फोटो काढले. नवरदेव मध्यभागी आणि घोडी कानापासून कापलेली. तरी मागा. ओळखीच्या लग्नघरांना सांगा की वरातीच्या पानाचा फोनवर फोटो काढून पाठवा. लोक आनंदानं पाठवतात; वर 'आमच्या ह्यांचा हार खाल्ला होता तीच ना?' असंही विचारतात. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण मिळतं. जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्या आधी डिजिटल करून घ्या, त्यांची फीत दरवर्षी खराब होत जाते.

लग्नातल्या फोटोत अडचण अशी की झूल, कपाळपट्टी आणि झालरींनी सगळ्या खुणा झाकलेल्या असतात. मग कान, नाकपुडीचा रंग आणि खुराजवळचा पांढरेपणा एवढ्यावर ओळख पटवायची. आणि एका बाजूचा पांढरा पाय दुसऱ्या बाजूला दिसला, तर आधी फोटो उलटा छापला आहे का ते बघा. पाठीमागच्या दुकानाची पाटी वाचून लगेच कळतं. नाव लिहायचं ते फोटोच्या मागं, मऊ पेन्सिलीनं, कडेला. बॉलपेन पुढून उमटतं.

कोल्हापुरात राहून एक गोष्ट विसरता येत नाही, ती म्हणजे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शेजाऱ्यांचे अल्बम कॉटखाली होते. तेव्हा पेटी माळ्यावर, आणि फोटोंची एक नक्कल परगावच्या नातेवाइकाकडं. भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो वाळल्यावर ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो. स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा, सैल झाले की हळूच वेगळे करा, चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा.

वस्तू थोड्याच ठेवा

सगळा साज ठेवायची हौस असते. कोल्हापूरच्या पावसात चामड्याला बुरशी यायला एक आषाढ पुरतो. एका जनावराची एकच वस्तू ठेवा, पण जी त्याची म्हणून ओळखू येईल ती. चामडं असेल तर पावसाळ्याआधी ओल्या फडक्यानं पुसायचं, सावलीत वाळवायचं, एरंडेलाचा हलका हात द्यायचा आणि सुती कापडात गुंडाळायचं. प्लॅस्टिकमध्ये कधीच नको. शेपटीचे केस साध्या शाम्पूनं धुऊन, पूर्ण वाळवून, दोऱ्यानं बांधून कागदाच्या पाकिटात. घुंगरमाळ चिंचेनं घासली तर चालते, पण तोबरा धुऊ नका. धुतलेला तोबरा बाजारातल्या कुठल्याही पिशवीसारखा दिसतो.

नाल ठेवणार असाल तर कुठल्या पायाची ते लिहून ठेवा. पुढच्या पायाची नाल गोलसर, मागच्याची लांबट आणि टोकाकडं निमुळती. झीज कुठल्या बाजूला आहे ते बघा. चाचांनी सांगितलेली मैनाची झीज मला अशीच पेटीतल्या नालेवर सापडली. तारेच्या ब्रशनं गंज काढा, तेलाचा हात द्या. आणि ती दिसेल अशी ठेवू नका. काळ्या घोड्याची नाल दाराला ठोकायला हवी म्हणून लोक मागायला येतात. सुलतानच्या तीन नाला आमच्या घरातून अशाच गेल्या. चौथी मी तांदळाच्या डब्यामागं ठेवली आहे.

कसं गेलं तेही लिहा

इथं बहुतेक वह्या थांबतात. विकलं असेल तर कुणाला, कुठल्या गावी, किती रुपयाला हे लिहा, आणि का विकलं तेही. राणी आम्ही २०२० मध्ये विकली, कारण लग्नं नव्हती आणि चंदीला पैसे नव्हते. 'चांगल्या घरी दिली' असं लिहून भागलं असतं. वहीत दोन्ही लिहिलं आहे. घेणाऱ्याचा नंबर असेल तर एकदा फोन करा. तिची पुढची खोड त्यांना माहीत असते, तुम्हाला नाही.

मेलं असेल तर आजाराचं नाव आणि शेवटचा दिवस साध्या शब्दांत. सुलतान पोटशुळानं गेला. घोड्याला उलटी होत नाही. अडकलेलं बाहेर पडायला तोंडाची वाट नसते, म्हणून पोटाचं दुखणं त्याला एवढं भारी पडतं. संध्याकाळी पोटाकडं वळून बघायला लागला, खाली बसायचा, लोळायचा, उठायचा. आम्ही रात्रभर चालवला. एवढंच लिहिलं आहे. पुढं 'स्वर्गात असेल' वगैरे मी लिहीत नाही. फुगे नसतील तर बरा असेल.

एक पान कसं दिसतं

नमुना म्हणून मैनाचं पान उतरवून देतो.

मैना. सब्जी घोडी. घरीच जन्मली, आई रंगी. जन्मली तेव्हा काळपट, सातव्या-आठव्या वर्षी पांढरी, नाक काळं. उंची खांद्यापाशी ५८ इंच. कपाळात एक भोवरा, डोळ्यांच्या रेषेच्या थोडा वर, उजवीकडं सरकलेला. मागचा डावा पाय खुरापाशी पांढरा. खोड: पाण्यात पाय घालत नाही, ड्रेनेजच्या झाकणाला वळसा घालते, मागचा उजवा पाय नालबंदाला देत नाही. चंदी: हरभरा, कोंडा, भिजवलेले हुलगे थंडीत. काम: लहानपणी आईच्या मागं टांग्यासोबत (शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, ही नाही मेली), पुढं परण्या, वरात, दसऱ्याला सजवून. घाबरायची: पाणी. घाबरायची नाही: तोफांचे आवाज, हत्ती. ओळखायची: आबांची सायकल. वस्तू: पुढच्या डाव्या पायाची नाल.

पान भरल्यावर समोरचं पान कोरं सोडा. वही घरात फिरली की भांडणं होतात. चाचा म्हणतात मैनाचा मागचा पांढरा पाय उजवा होता, मी म्हणतो डावा. आत्या म्हणतात दोन्ही. खोडून दुरुस्त करू नका. ज्याचं त्याचं म्हणणं त्याच्या नावानं, वेगळ्या शाईनं, समोरच्या कोऱ्या पानावर लिहायचं. फोटो सापडेपर्यंत तिघांचंही राहू दे.